गो. नी. दांडेकर : पायवाट आणि मोटाररस्ता

गो. नी. दांडेकर यांच्या वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासक बहुधा दोन कप्पे पाडतात. 'शितू', 'पडघवली', 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांचा लेखक हा एक. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिणारा गडकोटांचा वेडा भक्त हा दुसरा. पहिल्याची चर्चा प्रादेशिक कादंबरीच्या प्रकरणात होते. दुसऱ्याची नोंद छंद म्हणून, चरित्राच्या शेवटी, कौतुकाच्या दोन ओळींत होते. ही वाटणी सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दांडेकरांची कादंबरी आणि त्यांचे दुर्गलेखन या दोहोंच्या मुळाशी चालणे ही एकच कृती आहे. ती त्यांनी हौस म्हणून स्वीकारलेली नव्हती. कोवळ्या वयात ती त्यांच्या वाट्याला आली आणि पुढे तिचीच त्यांची जीवनदृष्टी बनली. त्या दृष्टीला काय दिसले, आणि काय दिसूनही तिने बाजूला ठेवले, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य पुन्हा एकदा त्या वाटेने पाहिले पाहिजे.

गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी वऱ्हाडात, परतवाडा येथे झाला. शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीने ओढले जाऊन त्यांनी घर सोडले. त्या काळात घर सोडून गेलेली मुले पुष्कळ होती. त्यांपैकी बहुतेक काही महिन्यांत परतली, शाळेत बसली, मार्गी लागली. दांडेकर त्या अर्थाने परतलेच नाहीत. त्यांची पुढची सतरा-अठरा वर्षे रूढ शिक्षण, नोकरी, स्थिर पत्ता यांवाचून गेली. पुढे 'स्मरणगाथा' या आत्मकथनात त्यांनी हा काळ मांडला आणि १९७६ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकातील मुलगा जिथे जातो तिथे आधी चालत जातो, मग भूक लागते, मग कोणीतरी जेवू घालते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दांडेकरांच्या पुढच्या सर्व लेखनात प्रदेशाची पहिली ओळख दृश्यातून होत नाही; ती पायांच्या श्रमातून आणि अनोळखी घरच्या अन्नातून होते.

या भटकंतीतील सर्वांत मोठा सहवास गाडगे महाराजांचा. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारायचे, ही महाराजांची रीत. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या पोराला गावाची मागची बाजू प्रथम दिसते. उकिरडा, तुंबलेली गटारे, गावकुसाबाहेरची वस्ती हे सारे आधी, देऊळ आणि वाडा नंतर. दांडेकरांनी पुढे महाराजांचे चरित्र लिहिले. 'देवकीनंदन गोपाला' हा १९७७ चा चित्रपटही त्यांच्याच लेखनावर उभा राहिला. तथापि गाडगेबाबांची ही उलटी वाट, मागच्या बाजूने गावात शिरण्याची, दांडेकरांच्या कादंबरीत सर्वत्र टिकली असे म्हणता येत नाही. त्याकडे पुढे वळू.

आळंदीचे वेदान्ताध्ययन आणि औंधला पंडित सातवळेकरांच्या सान्निध्यातील काळ यांनी त्यांना संस्कृताची आणि संतवाङ्मयाची बैठक दिली. ज्ञानेश्वरांवरील 'मोगरा फुलला', तुकारामांवरील 'तुका आकाशाएवढा' आणि समर्थांवरील 'दास डोंगरी राहतो' यांची बीजे तेथे शोधता येतील. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती नर्मदा परिक्रमा.

परिक्रमेचे नियम ठरलेले आहेत. नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, सदावर्तात किंवा माधुकरीवर भागवायचे, संग्रह करायचा नाही, पायी जायचे. नर्मदेची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर. म्हणजे दोन्ही तीर धरले तर अडीच हजारांहून अधिक. परंपरेने सांगितलेली मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासीयाला लुटतात आणि अंगावरची लंगोटी तेवढी ठेवतात, हेही त्या वाटेच्या विधीतच जमा झालेले होते. या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली. शीर्षकातील 'कुणा एकाची' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. चालणाऱ्याला नाव नाही. यात्रावर्णनात लेखकाचा जो मी सतत पुढे पुढे करतो, तो येथे मागे सरकलेला आहे. काठ, माणसे आणि ऋतू पुढे आले आहेत. मराठी प्रवासवर्णनाची तोवरची मुख्य धारा विलायतेच्या प्रवासाची, बोटीच्या डेकवरून आणि आगगाडीच्या खिडकीतून पाहण्याची होती. तिच्या शेजारी ही कादंबरी ठेवली म्हणजे पाहण्याच्या वेगाने निवेदनाचा पोत कसा बदलतो, हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येते. (आज सरदार सरोवराच्या पाण्याखाली त्या काठाचा मोठा भाग गेला आहे. जुनी वाट त्या टापूत तरी आता केवळ पुस्तकात उरली आहे.)

१९४७ च्या सुमारास दांडेकरांनी लेखन हाच व्यवसाय करण्याचे ठरवले आणि तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड केले. या स्थलनिवडीकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तळेगाव मुंबई-पुणे लोहमार्गावर आहे. तेथून कामशेत, मळवली, लोणावळा ही स्थानके हाताशी, आणि त्या स्थानकांपासून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे मावळातले गड पायी गाठता येण्याजोगे. म्हणजे गाडी जेथवर नेईल तेथवर गाडीने आणि पुढे पायांनी, अशा जगण्यासाठी हे गाव जणू बेतलेले होते.

याच वेळी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक मोठे स्थित्यंतर सुरू झाले होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एस.टी. डोंगराच्या कुशीतल्या गावांपर्यंत पोचली. संध्याकाळी यायचे, रात्री गावातच थांबायचे आणि तांबडे फुटताच तालुक्याकडे निघायचे, असा मुक्कामी गाडीचा क्रम. गडावर जाणाऱ्या हौशी मंडळींचे सारे वेळापत्रक या गाडीवर बसलेले असे: रात्री पायथ्याच्या गावी उतरायचे, देवळात पथारी टाकायची, सकाळी गावातल्या कोणाला तरी वाटाड्या म्हणून घेऊन चढायचे. दांडेकरांच्या दुर्गलेखनाचा वाचक हा असा माणूस आहे. त्याच्यापाशी स्वतःचे वाहन नाही, रजा थोडी, पैसा त्याहून थोडा. त्याला कोणत्या वाटेने जावे, पाणी कुठे, मुक्काम कुठे हे सांगता सांगता लेखक त्याला शिवकाळात नेतो. इतिहास, वाटाड्याची माहिती आणि भक्ती यांचे हे मिश्रण शास्त्रीय इतिहासलेखनाच्या कसोटीवर सर्वत्र उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण एका पिढीला त्याने घराबाहेर काढले, हेही तितकेच खरे.

मात्र जो रस्ता शहरातल्या वाचकाला गडाच्या पायथ्याशी आणतो, तोच रस्ता पायथ्याच्या तरुणाला शहराकडे नेतो. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचा खरा ताण येथे आहे, असे माझे मत आहे. 'माचीवरला बुधा' (१९५८) मधला म्हातारा मुंबईत उमेदीची वर्षे काढून राजमाचीवर परततो, आणि झाडे-पाखरे-जनावरे यांच्या संगतीत एकटा राहतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांखालची ही माची लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर अंतरावर. कर्जतच्या बाजूने कोंडाणे लेण्यांवरून खडी चढण. कित्येक वर्षे तेथे चालत जाण्यावाचून उपाय नव्हता. बुधाचे परतणे ही निसर्गाची ओढ म्हणून वाचली जाते आणि तशी ती आहेही. परंतु कादंबरीत तो एकटाच उलट दिशेने चालतो आहे, हे विसरता कामा नये. त्याच्या पाठीमागे कोणी येत नाही. त्याचा मुलगा मुंबईतच आहे.

'पडघवली' (१९५५) मध्ये हेच घडते ते सबंध गावाच्या मापाने. कोकणातले एक गाव कसे ओसरत गेले, याची ही कथा अंबूवहिनी या स्त्रीच्या तोंडून येते. बोली, सणवार, घरगुती वस्तू यांचा इतका घनदाट साठा दुसऱ्या मराठी कादंबरीत क्वचितच सापडेल. जन्माने वऱ्हाडी असलेल्या लेखकाने हे कोकण कानांनी आणि पायांनी मिळवले, ही गोष्ट थोडी नव्हे. स्वतःच्या वऱ्हाडी बोलीत तर त्यांनी 'पूर्णामायची लेकरं' ही अख्खी कादंबरी लिहिली. परंतु या ऱ्हासकथेत निवेदनाचा बिंदू जमीनधारक ब्राह्मण घराच्या ओटीवर आहे. त्या ओटीवरून कुळांची आणि गड्यांची घरे दिसतात ती बाहेरून. गावाची घडी विस्कटली म्हणून अंबूवहिनी हळहळते, पण त्या घडीत कोणाची पाठ वाकलेली होती, हा प्रश्न कादंबरीला फारसा पडत नाही. गाडगेबाबांबरोबर उकिरड्याच्या बाजूने गावात शिरलेला मुलगा येथे दर्शनी दाराने आत आला आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी नंतर उभे केलेले प्रश्न 'पडघवली'ला लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो; पण लेखकाच्याच पूर्वायुष्याने ते प्रश्न लावण्याची मुभा दिलेली आहे.

'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची कादंबरी. तुंगच्या हवालदारकीचा वारसा सांगणारा धोंडी हा गडाला बांधलेला माणूस आहे. त्याचा निर्माता भटक्या, आणि तो मात्र जागचा हलू न शकणारा. हा विरोध कादंबरीला बळ देतो. १९६६ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला. पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी पवनेवर धरण झाले, आणि लोहगड, तुंग व तिकोना यांच्या मधले खोरे जलाशयाखाली गेले. तुंग उभा आहे. शीर्षकातला काठ मात्र राहिला नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर दशकानुदशके धुमसत राहिला. दांडेकरांनीच भाक्रा-नांगलच्या बांधकामावर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी लिहिली होती. धरण बांधणाऱ्या माणसांच्या पराक्रमाचे ते गान आहे, आणि स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकाचा उत्साह त्यात भरून आहे. भगीरथपुत्रांचा हा गौरव आणि पवनेच्या खोऱ्याची माया एकाच मनात नांदत होती. दोहोंपैकी एकाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या जात नाहीत, ही आपल्या अभ्यासक्रमांची उणीव आहे. पदव्युत्तर वर्गासाठी इतका चांगला तुलनेचा विषय सहज मिळत नाही.

'जैत रे जैत'मध्ये ठाकर समाजाचे जग येते. तेथे लेखकाची भक्ती थोडी मागे हटते आणि डोंगर, मध आणि भगताचा ढोल यांचे स्वतःचे तर्कशास्त्र पुढे येते. १९७७ च्या चित्रपटाने ती कथा घरोघरी पोचवली. शिवकाळावरची कादंबरीमाला मात्र येथे केवळ उल्लेखून पुढे जातो. तिच्यातील गड प्रत्यक्ष चालून पाहिलेले आहेत, हे जाणवते. माणसे तितकी पाहिलेली वाटत नाहीत.

१९८१ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दांडेकरांकडे आले. ज्या वऱ्हाडातून तेराव्या वर्षी ते निघाले होते, तेथेच हा मान मिळाला. या काळातही तरुणांना घेऊन गडावर जाणे, तेथे मुक्काम करणे, छायाचित्रे काढणे सुरूच होते. राजगड आणि रायगड यांच्याकडे ते वारंवार परतत राहिले. रायगडाला १९९६ मध्ये रज्जुमार्ग झाला. त्यानंतर चौदाशेहून अधिक पायऱ्या न चढताही गड पाहता येऊ लागला. अनेक वृद्धांची आणि अपंगांची त्यामुळे सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. चढणीचा दम लागून थबकल्यावर जी बुरुजाची कड दिसते तिच्यावर उभे असलेले गद्य मात्र त्या पाळण्यात बसून वाचले, तर त्यातले विराम अनाकलनीय वाटतील.

दांडेकरांचे निधन पुणे येथे १ जून १९९८ रोजी झाले. राज्य परिवहनाच्या पहिल्या मोटारीला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्यांच्या कन्या वीणा देव, जामात विजय देव आणि नाती यांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग ठिकठिकाणी केले. गडांच्या त्यांनी काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले आहे. त्यांच्या गद्याच्या अभ्यासकाने ही छायाचित्रे 'दुर्गभ्रमणगाथे'बरोबर ठेवून पाहावीत, आणि जमल्यास ज्या वाटेवरून ती टिपली त्या वाटेने एकदा चालूनही पाहावे.