श्रीसंत गाडगेबाबा आणि धर्माचा पैसा

दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त अंक निघतो आहे, तुम्ही एका संताचे चरित्र लिहा, असे मंडळींनी सांगितले. आमचे शिक्षण चौथीपर्यंत. नांगर आणि वीणा धरलेल्या हाताला लेखणीची सवय नाही. पण ज्यांचे चरित्र लिहायचे मनात आले, त्यांनी तर शाळाच पाहिली नव्हती. म्हणून धीर केला.

ते म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव. जात परीट. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई, पोराचे नाव डेबू. देवाच्या नावाने बकरे कापायचे, दारू प्यायची, ही त्या काळची रीत. त्या दारूनेच झिंगराजींचे घर बसवले. डेबू लहान असतानाच वडील गेले. मायलेकरं मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला मामाच्या आसऱ्याला आली.

तिथे डेबूने गुरे राखली, मोट हाकली, शेत पिकवले. शेतात त्याच्या बरोबरीचा गडी नव्हता म्हणतात. पण मामा सावकाराच्या कर्जात सापडले होते. अंगठा कशावर उठतो ते कळत नव्हते, आणि कसलेले शेत हातचे गेले. मामांनी हाय खाल्ली, त्यातच ते गेले. पुढे बाबा जन्मभर कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरं शाळेत घाला, हेच का सांगत राहिले, त्याचे मूळ या शेतात आहे. आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

लग्न झाले, बायको कुंताबाई. मुलगी झाली तेव्हा बारशाला भावकी जमली. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू होणार म्हणून सगळे बसले, तर डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. भावकी रुसली. हे काही बदलले नाहीत.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडले. वय अठ्ठावीस. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, एका कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खायचे, त्यातच प्यायचे. त्यावरून नाव पडले गाडगेबाबा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा. कुणाचे लाकूड फोडून द्यायचे, कुणाचे शेत खुरपायचे, मग भाकरी मागायची. फुकटचा घास घेतला नाही. आणि रात्री कीर्तन.

कीर्तन कसे, तर आम्ही उभे राहतो तसे नाही. पखवाज नाही, पोथी नाही. बाबा लोकांना विचारायचे, लोकांनी उत्तर द्यायचे. अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा हसता हसता ओशाळायचा. मध्ये गोपालाचा गजर व्हायचा. त्या कीर्तनाला हजारोंनी माणूस लोटायचे, आणि तिथूनच पुढे पैसा येऊ लागला.

बरं का मंडळी, इथून पुढचे चरित्र नीट ध्यानात घ्या.

पैसा आला तेव्हा बाबांनी काय केले? स्वतःचा मठ बांधला नाही. पूर्णाकाठी ऋणमोचनला यात्रा भरते, तिथे चिखलातून नदीत उतरावे लागे, तिथे घाट बांधला. त्याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवण आणि कपडा देण्याची सुरुवात केली. मूर्तिजापूरला भाकड गाईंसाठी गोरक्षण काढले. नाशकाला, देहूला, आळंदीला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या.

पंढरपूरचे तर जास्तच सांगायला हवे. आपण सगळे पांडुरंगाची लेकरं म्हणतो, पण त्या काळी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या वारकऱ्याला पंढरीत पाठ टेकायला जागा नव्हती. पावसात वाळवंटात राहायचे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली विठ्ठलाचे देऊळ सगळ्यांना उघडले, त्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे ती वास्तू बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. बांधायला इतके कष्ट पडले, पण सोडताना हात अडखळला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेलाही लोकांनी हात द्यावा म्हणून ते सांगत फिरले. कराडला रयतने 1954 साली कॉलेज काढले, त्याला बाबांचेच नाव आहे.

एवढे लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले, पण बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. विश्वस्त नेमायचे, हिशोब त्यांनी ठेवायचा. धर्मशाळा बांधली त्यांनी, पण आत पंगत बसली की बाबा बाहेर कुठेतरी मागून आणलेली भाकरी चटणीशी खायचे. आणि घरच्यांचे काय? कुंताबाई झोपडीत राहिल्या. ऋणमोचनच्या अन्नदानातला घाससुद्धा आपल्या बायकोपोरांना मिळू नये, हा बाबांचा दंडक. संस्थेच्या कागदात तसे लिहून ठेवले, की आपल्या नात्यागोत्यातल्या कुणाचा इथल्या कशावर हक्क नाही. 1923 साली एकुलता एक मुलगा गोविंदा वारला. तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. निरोप आला. कीर्तन थांबले नाही.

आम्हाला ही गोष्ट पूर्वी कठोर वाटायची. बापाचे काळीज असे कसे, बायकोला दोन घास दिले तर काय बिघडते, असे मनात यायचे. आता वाटत नाही. कारण सांगतो, आणि हे दिंडीसमोर सांगायचे फार दिवस राहिले होते.

आमच्याकडे सात वर्षे दिंडीच्या कोठीचे काम होते. भिशी गोळा करायची, शिधा भरायचा, उरलेले लिहून ठेवायचे. एका वर्षी पाऊस नव्हता, घरात दाणा कमी, लेकीचे पहिले बाळंतपण. वारीहून परत आलो तर दोन कट्टे गहू उरले होते. एक लिहिला, एक घरी नेला. मनाला म्हटले, आपण इतके राबतो, कीर्तनाची बिदागी दिंडीकडून कधी घेतली नाही, एवढे आपले होतेच. कुणी विचारले नाही. पण त्या गव्हाची पोळी खाताना आमच्या कारभारणीने एवढेच विचारले, की हे आपल्या शेतातले नव्हेत ना. आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या सुगीला दोन कट्टे नेऊन कोठीत टाकले, पण वहीत लिहिले देणगी म्हणून. म्हणजे चोरी झाकली आणि वर नावही घेतले. ते नाव आज या अंकातून आम्ही मागे घेतो.

तेव्हा कळले, बाबांनी घरच्यांना लांब का ठेवले. माया नव्हती म्हणून नव्हे. एक घास दिला की दुसरा देताना लाज वाटत नाही, हे त्यांना ठाऊक असावे. गोरगरिबाने दिलेला पैसा गोरगरिबापर्यंत पोचायचा तर मधला हात कोरडा पाहिजे.

1952 साली बाबांच्या सगळ्या संस्था मिळून गाडगे महाराज मिशन झाले. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला आहे. सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, विद्यापीठाला नाव दिले, ते तर सर्वांना माहीत आहे. पण आम्हाला जास्त मोलाची वाटते ती मुंबईतली दादरची धर्मशाळा. परळच्या टाटा हॉस्पिटलात कॅन्सरचे पेशंट येतात, त्यांना आणि त्यांच्या माणसाला तिथे आसरा मिळतो. बाबांच्या माघारी मिशनने ती चालवली. आमच्या गावचा एक गडी तिथे राहून आला. परत आल्यावर त्याने पहिले काय सांगितले, तर मुंबईत कुणी आमची जात विचारली नाही आणि रात्री उठवून बाहेर काढले नाही.

आता आपल्या दिंडीकडे शताब्दीची रक्कम जमली आहे. पंढरपूरच्या जागेवर दोन खोल्या व्हाव्यात असे ठरते आहे. कुणी म्हणते दारावर संगमरवरी पाटी लावून देणगीदारांची नावे घालू. कुणी म्हणते देखरेखीला कोठीवाल्यांच्या मुलालाच ठेवू. तो मुलगा आमचा आहे, आणि घरी बसून आहे. तरी आमचे मागणे असे, की त्याला ठेवू नये. पाटीचा खर्च वाचवून दोन गाद्या जास्त घ्याव्यात. खोल्यांचा हिशोब दर एकादशीला देवळात वाचून दाखवावा, आणि आमच्या सात वर्षांच्या वह्यासुद्धा काढाव्यात. खोलीची किल्ली अशा माणसाकडे द्यावी, ज्याचे त्यात काही नाही.

लिहिण्यात उणेअधिक झाले असेल तर पदरात घ्यावे. रामकृष्णहरी.