बालमनाची वैद्य : अ‍ॅना फ्रॉइड

व्हिएन्ना नगरीत ३ डिसेंबर १८९५ रोजी डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांना सहावे अपत्य झाले, तीच अ‍ॅना. मनाच्या विकारांवर उपचार करण्याची नवी विद्या, मनोविश्लेषण, वडील घडवीत होते. परंतु घरातील या शेंडेफळाच्या मनात एक शल्य सलत होते. तिच्याहून मोठी सोफी रूपवान म्हणून वाखाणली जाई आणि आपण मागे राहिलो, असे तिला वाटे. मत्सर म्हणजे काय, हे अ‍ॅनाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. ज्या शाळेत शिकल्या, तेथेच त्या १९२० पर्यंत शिक्षिका होत्या. नंतर त्या वडिलांच्या विद्येकडे वळल्या. पण ती मुख्यतः प्रौढांकरिता होती. प्रौढ रोगी आपण होऊन येतो व मन मोकळे करतो. मुलाला दुसरेच कोणी हाताला धरून आणते. त्याने बोलावे तरी का? म्हणून अ‍ॅनाबाई आधी मुलाशी मैत्री जोडीत. एका मुलीच्या बाहुल्यांना त्यांनी कपडे विणून दिले, तर एका मुलाची पत्रे टंकयंत्रावर लिहून दिली. आईबापांना वगळून मुलावर उपचार होत नाहीत, हेही त्यांनी ओळखले होते.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. गेस्टापो पोलिसांनी अ‍ॅनाबाईंना चौकशीसाठी नेले; संध्याकाळी त्या सुखरूप परतल्या. जूनमध्ये फ्रॉइड कुटुंब लंडनला गेले. कर्करोगाने जर्जर झालेल्या वडिलांची शुश्रूषा अ‍ॅनाबाईंनीच अखेरपर्यंत केली. १९३९ मध्ये ते निवर्तले.

पुढे लंडनवर बॉम्ब कोसळू लागले. अ‍ॅनाबाईंनी मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह हॅम्पस्टेड भागात शिशुगृहे काढली. तेथे त्यांना दिसून आले की, आईच्या कुशीतले मूल बॉम्बच्या धडाक्याने जितके हादरत नाही, तितके आईच्या ताटातुटीने खचते. म्हणून आयांना केव्हाही येण्याची मुभा होती. प्रारंभी सर्व सेविका सर्वच मुलांना सांभाळीत. मुले वाढत होती, पण बोलण्यात व स्वच्छतेच्या सवयींत मागे पडत. तेव्हा चार-पाच मुलांचे एकेक कुटुंब करून ते एकेका सेविकेकडे सोपविले. मग काय विचारता! आपली बाई दुसऱ्याने घेऊ नये म्हणून रडारड व मारामाऱ्या सुरू झाल्या. अ‍ॅनाबाई डगमगल्या नाहीत. यथाकाल वादळ निवळले आणि मुले भराभर बोलू लागली.

युद्ध संपले तेव्हा कळले की, त्यांच्या चार वृद्ध आत्या नाझींच्या छावण्यांत बळी पडल्या. त्यांपैकी एक तेरेझीन येथे. त्याच तेरेझीनमधून १९४५ मध्ये तीन-चार वर्षांची सहा अनाथ मुले इंग्लंडला आली. अ‍ॅनाबाईंच्या देखरेखीखाली ससेक्समधील एका घरात त्यांना ठेवण्यात आले. ती खेळणी फोडीत, मोठ्यांना चावत, थुंकत. परंतु एकमेकांपासून क्षणभरही दूर होत नसत. एकदा केक संपला म्हणून एक मुलगा रडू लागला, तर दोन मुलींनी आपल्या वाट्याचा उरलेला केक त्याला दिला आणि तो खाईपर्यंत त्या त्याला कुरवाळीत राहिल्या. आई कशी असते, हे त्या मुलींना ठाऊक नव्हते!

बालमनाच्या उपचारकांसाठी अ‍ॅनाबाईंनी १९४७ मध्ये शिक्षणक्रम सुरू केला. १९५२ मध्ये चिकित्सालय उघडले. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे लंडनचे घर १९८६ पासून संग्रहालय झाले असून, तेथे त्यांचा हातमाग जपून ठेवलेला आहे.