क्रांतिसिंह नाना पाटील : तसबिरीमागचा संसार

डोक्याला फेटा, भरदार मिशा आणि साधा सदरा, अशी क्रांतिसिंह नाना पाटलांची तसबीर सर्वांच्या परिचयाची आहे. त्या तसबिरीमागे एका शेतकरी कुटुंबाने भोगलेला वनवास आहे.

येडेमच्छिंद्र (जि. सांगली) गावच्या नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. ते तलाठी होते. सन १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. कन्या हौसाबाई तीन वर्षांच्या असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले होते. १९४२ च्या लढ्यात नाना भूमिगत झाले. इंग्रज सरकारने घर व जमीन जप्त केली. पुढे हौसाबाईही त्याच लढ्यात उतरल्या.

साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, गुंडांना जरब बसवली आणि कमी खर्चाची लग्ने लावून गरिबांना कर्जातून वाचविले.

स्वातंत्र्यानंतर नाना १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर गेले. १९६७ साली बीडने, म्हणजे परमुलखानेही, त्यांना निवडून दिले. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते निवर्तले. हौसाबाई २०२१ पर्यंत हयात होत्या.

मुलखाचा कारभार पाहणाऱ्या या शेतकऱ्याचे स्वतःचे घर मात्र सरकारजमा झाले होते. तसबिरीला हार घालताना त्या घरातील माणसांचेही स्मरण व्हावे.