अटींत बसत नव्हत्या, तरीही आनंदीबाई जोशींना अमेरिकेत डॉक्टरकीला ॲडमिशन कशी मिळाली?

मेडिकलची ॲडमिशन म्हटली की आधी पात्रता बघितली जाते. अमुक विषय हवेत, अमुक टक्के हवेत. एक अट कमी पडली की विषय संपला.

पण 1883 साली 18 वर्षांच्या एका मराठी मुलीने अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजला सरळ कळवलं होतं, की तुमच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, तरी मला प्रवेश द्या. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी.

अटींत न बसण्याचं कारण काय होतं?

31 मार्च 1865 चा त्यांचा जन्म. कल्याणच्या घरातलं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी. गोपाळराव बिजवर आणि वयाने बरेच मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता आणि त्यापायी ते कठोरही वागत.

गोपाळरावांच्या बदल्या सतत व्हायच्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. त्यामुळे आनंदीबाईंची सलग शाळा अशी झालीच नाही. जे शिकल्या ते बरंचसं घरात, नवऱ्याकडून.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरकडे जायला तयार नसत. बाईला तपासणारी बाईच हवी, हे आनंदीबाईंच्या मनाने घेतलं.

अमेरिकेचा रस्ता कसा सापडला?

गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं होतं. उत्तरात धर्मांतराचा सल्ला मिळाला. जोशींना ते मान्य नव्हतं. पण हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

परदेशी जायला विरोध प्रचंड झाला. फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूर (बंगालमधलं) इथे भर सभेत आनंदीबाईंनी आपण का जातोय ते सांगितलं. जाताना हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही बजावलं. एप्रिलमध्ये त्या नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

त्या पत्रात काय होतं?

28 सप्टेंबर 1883 ला त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला अर्ज केला. त्यात शिक्षणातली कमतरता लपवली नाही. आपलं प्रकरण वेगळं आहे, म्हणून कॉलेजने सवलत द्यावी, असं म्हटलं. बदल्यात दाखवायला काय होतं? चांगली तब्येत आणि मित्रमंडळी व जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार. स्वतःसाठी काही नको, पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी हे हवंय, असा त्यांचा मुद्दा होता.

कॉलेजने तो मानला. डीन रेचल बॉडली यांच्या काळात आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, आर्थिक मदतही मिळाली.

सवलतीचं पुढे काय झालं?

सवलत मिळाली ती फक्त दारातून आत यायला. पुढचा अभ्यास इतरांसारखाच करावा लागला. कडाक्याची थंडी, परकं अन्न आणि त्यात बिघडत चाललेली प्रकृती. पण 11 मार्च 1886 ला त्यांना एम.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये आनंदीबाईंचं नाव लागलं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. पण ज्या तब्येतीचा अर्जात भरवसा दिला होता, तीच दगा देऊन गेली. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायलाही महिना बाकी होता.

त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर यांच्याकडे गेल्या. आणि ते अर्जाचं पत्र? ते आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे.