कनानच्या वेशीवरचे न्यायमूर्ती

मोशेने कनान देशी पाठवलेल्या हेरांनी परतताना द्राक्षांचा एकच घोस दांड्यावर टांगून, दोघांच्या खांद्यावरून आणल्याची कथा यहुदी धर्मग्रंथात आहे. द्राक्षबागांच्या आमच्या निफाडात ती वाचताना मला आठवतात ते इथेच १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले महादेव गोविंद रानडे. मोशेला तो ग्रंथ पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस मानतो. तरीही यार्देन ओलांडू द्यावी, ही त्याची प्रार्थना देव ऐकत नाही. खडकातून पाणी काढताना त्याने श्रेय स्वतःकडे घेतले, असा त्या शिक्षेचा एक अर्थ लावतात. एवढ्याशा अहंकाराला एवढी शिक्षा! डोंगरावरून त्याला देश दिसला, इतकेच.

रानडेही प्रार्थनेतले. १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ. पण त्यांची नम्रता सरळ नव्हती. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली, तेव्हा विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता विधवेशीच लग्न करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न ठरवले आणि रानडे वाकले. याला मी नम्रता म्हणणार नाही. वाकले ते, किंमत पडली एका लहान मुलीला. मात्र घरातल्या बायकांचा विरोध असताना त्याच मुलीला त्यांनी नेटाने शिकवले, आणि पुढे पुण्याचे सेवासदन तिने उभे केले.

१८९० चे पंचहौद मिशनमधले चहाप्रकरण वेगळे. मित्रांची घरोघर झालेली कोंडी फुटावी म्हणून रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनीच त्यांना भित्रे ठरवले. स्वतःच्या नावाला जपणाऱ्या माणसाला हे जमले नसते, असे मला वाटते. १८९५ मध्ये पुण्याला काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवायला टिळकपक्षाने विरोध केला, तेव्हाही त्यांनी मंडप सोडला. परिषद मात्र सोडली नाही.

डिसेंबर १९०० मध्ये ती लाहोरला भरली. आजारपणाने त्यांना जाता आले नाही. त्यांचे भाषण घेऊन गोखले गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस असताना, रानडे गेले. मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ करणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला. तो पाहायला रमाबाईही नव्हत्या. त्या १९२४ मध्येच वारल्या होत्या.