रसातळातील सोबती : जॅक लंडन

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत एका अमेरिकन लेखकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पोटापाण्यासाठी घर सोडून परमुलखात आलेली आम्ही माणसे. परक्या शहरातील पहिली रात्र कशी असते, हे आम्हांस ठाऊक आहे. डोक्यावर छप्पर नसलेल्यांच्या अशा अनेक रात्री जॅक लंडनने जवळून पाहिल्या आणि जगापुढे मांडल्या. म्हणून हे स्मरण.

१२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात राबला. पुढे सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या गलबतावर खलाशी झाला, आणि १८९४ साली भटकेपणाच्या आरोपावरून त्याने तीस दिवसांचा तुरुंगवासही भोगला. १८९७ मध्ये तो सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला. सोने काही हाती लागले नाही, पण कथांना विषय मिळाले.

१९०२ च्या उन्हाळ्यात तो लंडनला पोहोचला. जगाच्या कोणत्याही टोकाला प्रवासी पोहोचविणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत त्याने ईस्ट एंडला जाण्याची चौकशी केली, तर तेथील मंडळी गोंधळून गेली. अखेर त्याने जुन्या बाजारातून फाटके कपडे घेतले, अडीअडचणीसाठी एक सुवर्णमुद्रा बंडीत शिवून ठेवली आणि तो त्या वस्तीत शिरला. वेष पालटताच लोकांची वागणूकही पालटली, हा त्याचा पहिला धडा.

रात्री उघड्यावर झोपण्यास तेथे मनाई होती. डोळा लागला की पोलीस उठवीत. म्हणून निराधार माणसे पहाटेपर्यंत रस्त्याने चालत राहत. सकाळी बागेचे फाटक उघडले, की तीच माणसे हिरवळीवर गाढ झोपत. आणि दिवसा येणारे सभ्य नागरिक त्यांना आळशी ठरवीत! जॅक लंडन स्वतः असा रात्रभर चालला. व्हाइटचॅपलच्या वर्कहाउसमध्ये त्याने एक रात्र काढली. तेथे अनेकांना एकाच पाण्यात अंघोळ करावी लागे, आणि रुग्णांच्या ताटातले उष्टे भुकेली माणसे आवडीने खात. ऑगस्टमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूकही त्याने ह्याच दिवसांत पाहिली.

१९०३ साली 'द पीपल ऑफ द अ‍ॅबिस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः काढलेली छायाचित्रे होती आणि सरकारी अहवालांतील आकडेही होते. त्याच वर्षी 'द कॉल ऑफ द वाइल्ड'ने त्याला अफाट कीर्ती दिली.

त्याचे गुणगान करताना उणिवा झाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. वंशांविषयीची त्याची मते आज वाचवत नाहीत. ज्यांची कणव त्याला आली, त्यांच्याविषयी त्याने कधी कठोर शब्दही वापरले. शिवाय त्याची भाड्याची खोली जवळच होती आणि बंडीत सोने होते. वर्कहाउसमधूनही नेमलेली मुदत भरण्यापूर्वीच तो निसटला. त्याच्या सोबत्यांना परतीची वाट नव्हती. तथापि हे सारे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, म्हणून त्याच्या साक्षीवर आमचा विश्वास बसतो.

२२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो कॅलिफोर्नियात निवर्तला.

आमच्या मंडळाच्या दारी आजही एखादा नवखा तरुण पिशवी घेऊन येतो. त्याला गाव आणि आडनाव विचारण्याआधी, रात्री कोठे उतरला आहेस, एवढे आपण विचारू या.