सचोटीचा व्यापारी इमाम

इमाम अबू हनीफा यांचा जन्म इ. स. ६९९ मध्ये इराकातील कूफा नगरीत झाला. ते थोर धर्मशास्त्रज्ञ. परंतु उदरनिर्वाह करीत तो रेशमी वस्त्रांच्या व्यापारावर. परंपरा सांगते, की एकदा त्यांच्या भागीदाराने सदोष वस्त्र दोष न सांगताच विकले. ग्राहकाचा शोध लागेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली. पुढे खलिफा मन्सूरने देऊ केलेले न्यायाधीशपद नाकारून त्यांनी कारावास पत्करला. ७६७ मध्ये बगदादेत ते निवर्तले.

कीर्तनात कर्मयोग निरूपिताना आम्हांस हे चरित्र आठवते. कचेरीत वा कारखान्यात आपल्या कामातील उणीव आपण होऊन सांगणे, हीदेखील उपासनाच होय. ईदच्या मंगलदिनी हेच चिंतन घडो!